कॉर्न स्नेक घरी आणताना: अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी खर्चाचा हिशेब आणि खरेदीचा क्रम

कॉर्न स्नेकचं पिल्लू अमेरिकेत साठ-सत्तर डॉलरला मिळतं. मुलांचा हट्ट आणि हा आकडा एकत्र आले की साप आधी घरी येतो, सामान मागून येतं, आणि पहिल्या महिन्यातच पिल्लू आजारी पडतं. सापाची किंमत हा या सगळ्या हिशेबातला लहानसा आकडा आहे. खरा खर्च पेटीचा, उष्णतेचा आणि पुढच्या वीस वर्षांचा. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: साप सगळ्यात शेवटी.

इथे कॉर्न स्नेकच घेतला आहे, कारण पहिल्यांदा साप पाळणाऱ्यासाठी त्याच्याइतका समजूतदार साप क्वचितच सापडेल. तो बिनविषारी आहे, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण तीन ते पाच फूट होतो, घरातल्या सर्वसाधारण आर्द्रतेत राहतो आणि मेलेला, गोठवलेला उंदीर सहसा कुरकुर न करता खातो. पोटावरची काळी-पांढरी चौकटी नक्षी मक्याच्या रंगीत कणसासारखी दिसते, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. नीट सांभाळला तर पंधरा ते वीस वर्षं जगतो, काही त्याहून जास्त.

महाराष्ट्रात असाल तर एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. नाग, धामण, अजगर, कवड्या असा कोणताही देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. साप घरात निघाला तर वनविभागाला किंवा अधिकृत सर्पमित्राला बोलवायचं, बरणीत ठेवायचा नाही. खालचे आकडे अमेरिकेतले आहेत, त्यांचे रुपये करून उपयोग नाही.

पायरी १: परवानगी, पैसे खर्च करण्याआधी

नियम राज्याप्रमाणे बदलतात. हवाईमध्ये कुठलाही साप पाळायला बंदी आहे आणि दंड फार मोठा आहे. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत, आणि कॉर्न स्नेक तिथला स्थानिक साप असल्यामुळे तोही त्यात येतो. न्यू जर्सीत राज्याच्या वन्यजीव विभागाचा परवाना आधी काढावा लागतो, आणि साप बंदिवासातच जन्मलेला आहे याची पावती जपून ठेवावी लागते. राज्याचं झालं की शहराचे नियम बघा. भाड्याच्या घरात असाल तर लीजमधलं पाळीव प्राण्यांचं कलम वाचा आणि घरमालकाची परवानगी ईमेलवर घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. ऑफिसमधली व्यक्ती बदलते, मग नोटीस येते आणि साप दोन आठवड्यांत हलवावा लागतो.

पायरी २: घरातल्यांशी बोलणं

हा मुद्दा खर्चाच्या लेखात का, असं वाटेल. पण साप परत देण्याची वेळ येते ती बहुतेक याच कारणाने. गोठवलेले उंदीर घरात ठेवावे लागणार आहेत. ओलं खोबरं, मटार आणि मोदक ज्या फ्रीजरमध्ये आहेत त्यात उंदराची पिशवी चालणार नसेल, आणि शाकाहारी घरात ती चालू नयेच, तर छोटा वेगळा फ्रीजर घ्यावा लागतो. त्याचे दीडशे ते दोनशे डॉलर आजच धरा.

दुसरी बाब आरोग्याची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, साप ठणठणीत दिसत असला तरी. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना त्याचा धोका जास्त. तुमच्याकडे आजी-आजोबा सहा-सहा महिने राहायला येत असतील आणि घरात रांगतं बाळ असेल, तर सध्या थांबा, हे आमचं सरळ मत आहे. बाकीच्यांनी साप हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीच धुवायचं नाही, आणि उंदीर वितळवण्यासाठीचा मग (कप) वेगळा ठेवून त्यावर मार्करने खूण करायची.

पायरी ३: पेटी

मोठ्या कॉर्न स्नेकला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी लागते. पीव्हीसीची, समोर सरकत्या काचा असलेली नवी पेटी ३०० ते ४५० डॉलरला येते. काचेची ४० गॅलनची टाकी स्वस्त पडते, वापरलेली तर पन्नास-साठ डॉलरलाही मिळते. पण ती तीन फूट लांबीची असते, म्हणजे साप दोन-अडीच वर्षांचा झाला की पेटी पुन्हा घ्यावीच लागते. पिल्लासाठी छोटी, मग मधली, मग मोठी अशा तीन टाक्या घेणाऱ्याचे एकूण पैसे जास्तच जातात.

"मोठ्या जागेत पिल्लू घाबरतं" असं दुकानात सांगतात. पिल्लू घाबरतं ते उघड्यावर पडल्यामुळे. मोठ्या पेटीत पानं, सालींचे तुकडे, फांद्या आणि पुठ्ठ्याच्या नळ्या दाटीने भरल्या की ते आडोशाआडोशाने फिरतं आणि नीट खातं. त्यामुळे पैसे असतील तर मोठी पेटी पहिल्याच दिवशी घ्या.

एक अडचण मात्र खरी आहे. कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत असतो. नवं पिल्लू पेन्सिलपेक्षाही बारीक असतं, आणि डोकं जिथून गेलं तिथून अख्खा साप जातो. सरकत्या दोन काचा जिथे एकमेकींवर येतात ती फट, मागची वायर जाण्याची भोकं आणि टाकीच्या जाळीचे कोपरे या तीन जागा तपासा. वायरच्या भोकात स्पंज घट्ट कोंबा, काचांच्या फटीत पारदर्शक पट्टी लावा आणि कुलूप घ्या. हा सगळा खर्च पंधरा डॉलरच्या आत.

तरीही पिल्लू सुटलंच तर आधी त्या खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत टॉवेल लावा. मग ऊब असलेल्या जागा बघा: फ्रीजच्या मागची मोटर, वॉटर हीटर, टीव्हीच्या मागे, पुस्तकांच्या मागे. रात्री भिंतीच्या कडेने पिठाची बारीक रेघ ओढा. सकाळी रेघ जिथे मोडली असेल तिथून तो गेला आहे. भिंतीलगत दोन-चार पुठ्ठ्याची खोकी आडवी ठेवा, त्यांतल्या एखाद्यात तो बऱ्याचदा वेटोळं घालून सापडतो.

पायरी ४: ऊब, आणि काटकसर करायची नाही अशी एकमेव वस्तू

सापाचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं. खाल्लेला उंदीर पचायचा तर पेटीची एक बाजू ८५ ते ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २९ ते ३१ सेल्सिअस लागते, आणि दुसरी बाजू ७५ ते ८० अंश. साप या दोन टोकांमध्ये ये-जा करून स्वतःचं तापमान जुळवतो. म्हणून दिवा मधोमध लावायचा नाही, एका टोकाला लावायचा.

पीव्हीसीच्या मोठ्या पेटीत ७५ वॉटचा हॅलोजन दिवा दिवसा बारा तास पुरतो. दिवा पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचं आवरण हवंच, नाहीतर साप उबेसाठी तापलेल्या बल्बला विळखा घालतो आणि कातडी भाजते. होल्डर, बल्ब, जाळी मिळून पन्नास डॉलर. रात्री खोली ६८ अंशांच्या वर राहत असेल तर वेगळी ऊब लागत नाही. हिवाळ्यात रात्री घराचं हीटिंग साठ-बासष्टवर आणत असाल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर वेगळा लावावा लागेल.

काचेच्या टाकीला दुसरा मार्ग आहे: तळाच्या एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट. तीस डॉलरची ती चटई स्वस्त वाटते, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ऊब आपोआप रोखणाऱ्या यंत्राशिवाय, प्लगला लावली की काच १२० अंश फॅरनहाइटच्याही वर जाऊ शकते. सापाला पोटाखालची जळजळ वेळेवर कळत नाही. तो तिथेच बसून राहतो आणि पोटाचे खवले भाजून निघतात. उपचाराचं बिल थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.

म्हणून थर्मोस्टॅट हवाच. मॅटसाठी साधा चालू-बंद होणारा, ३५ डॉलरचा. हॅलोजनसाठी प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट, साधारण १०० डॉलरचा. हॅलोजनला साधा लावला तर दिवा दिवसभर उघडझाप करत राहतो आणि बल्ब लवकर जातो.

आता थर्मोस्टॅटच्या सेन्सरकडे, म्हणजे वायरच्या टोकाच्या त्या छोट्या बोंडाकडे, नीट बघा. थर्मोस्टॅट बिघडण्यापेक्षा हे बोंड जागचं हलल्यामुळे जास्त घोटाळे होतात. सापाने ते ओढून पाण्याच्या भांड्यात पाडलं, किंवा त्यावर मूत्र सोडलं, की बोंडाला थंड लागतं. मग ते समजतं पेटी गार झाली आहे, आणि हीटर पूर्ण जोराने सुरूच राहतो. मॅट असेल तर बोंड मॅट आणि काच यांच्या मध्ये, टाकीच्या बाहेरून बसवा. दिवा असेल तर गरम बाजूच्या भिंतीला, सापाच्या उंचीवर, वायरच्या क्लिपने पक्कं करा. पेटीच्या आत चिकटपट्टी अजिबात वापरायची नाही. ती सुटली की सापाला चिकटते, आणि काढताना खवले निघतात.

मोजायला दोन डिजिटल थर्मामीटर, दोन्ही टोकांना एकेक, २५ डॉलर. काचेवर चिकटवायचे काटेवाले गोल थर्मामीटर घेऊ नका, ते काचेचं तापमान सांगतात. पृष्ठभागावर रोखून आकडा दाखवणारी तापमानाची बंदूक वीस डॉलरला मिळते, ती जरूर घ्या.

पायरी ५: आतलं सामान

इथे बचत करता येते. लपायला किमान दोन जागा लागतात, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. एकच असेल तर साप ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडतो, बहुधा आडोसा, आणि अन्न पचत नाही. जागा इतकी अरुंद असावी की वेटोळं घातल्यावर अंग चारी बाजूंनी टेकेल. दुकानातला बारा डॉलरचा प्लास्टिकचा दगड आणि श्रीखंडाच्या उपड्या डब्याला कापून केलेलं दार, सापाला दोन्ही सारखेच. कापलेली कड मात्र घासून गुळगुळीत करा. तिसऱ्या डब्यात ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, घाला, तो कात टाकायच्या दिवसांसाठी.

खाली पसरायला ॲस्पेन लाकडाचे तुकडे किंवा सायप्रसचा भुसा. चार बाय दोन फुटांच्या पेटीत तीन इंचांचा थर म्हणजे दोन घनफूट, साधारण ५७ लिटर, पस्तीस डॉलरचा. कॉर्न स्नेकला त्यात बोगदे करायला आवडतात. मॅट वापरत असाल तर तिच्यावर थर अर्धा इंचच ठेवा, जाड थराखाली उष्णता कोंडते. देवदाराचा, म्हणजे सीडरचा, भुसा कधीच नको, त्यातलं सुवासिक तेल सापाला बाधतं. ॲस्पेन भिजला की दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून पाण्याचं भांडं जड आणि न कलंडणारं घ्या. आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरे.

पहिल्या खरेदीचा हिशेब

मोठ्या पेटीच्या मार्गाने: पेटी ३५०, दिवा आणि जाळी ५०, डिमिंग थर्मोस्टॅट १००, थर्मामीटर २५, बंदूक २०, लपायच्या जागा ३५, भांडं १०, भुसा ३५, फांद्या-पानं-साली ६०, कुलूप-चिमटा-स्वयंपाकाचा वजनकाटा ३५. झाले ७२० डॉलर. पहिली डॉक्टरांची भेट आणि विष्ठातपासणी १३० धरा. साप ७० आणि त्याचं कुरियर ६०. एकूण ९८०, वेगळा फ्रीजर लागला तर तो सोडून.

काटकसरीच्या मार्गाने, वापरलेली टाकी, मॅट, साधा थर्मोस्टॅट, घरचे डबे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून हातात घेतलेला पन्नास डॉलरचा साप असं धरून, डॉक्टरांसह साधारण ४१५ डॉलरमध्ये सुरुवात होते. पण मोठी पेटी दोन वर्षांनी येणार आहे, तेवढे पैसे बाजूला टाकत राहा. हे सगळे अंदाज आहेत, राज्याचा कर वेगळा.

पायरी ६: चार दिवस रिकामी पेटी

सगळं जोडून पेटी सापाशिवाय चार दिवस चालवा. सकाळी, दुपारी, रात्री दोन्ही टोकांचे आकडे कागदावर लिहा. गरम बाजू ९० च्या वर जाते आहे का, रात्री किती उतरते, हे साप आल्यावर शोधत बसायचं नसतं.

पायरी ७: आता साप

बंदिवासात जन्मलेलाच घ्या. साधा नारिंगी-तांबडा किंवा काळा रंग नसलेला ॲमेलनिस्टिक चाळीस ते शंभर डॉलरमध्ये मिळतो. दुर्मीळ रंगांचे शेकड्यात जातात, सांभाळायला मात्र सगळे सारखेच. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: गोठवून वितळवलेले उंदीर याने सलग किती वेळा खाल्ले? पाचाहून कमी असेल तर थांबा. अमेरिकी टपालाने साप पाठवता येत नाहीत, त्यामुळे रात्रीतून पोचवणाऱ्या खासगी कुरियरचे पन्नास-साठ डॉलर वेगळे. कडाक्याच्या थंडीत मागवू नका.

हातात घेऊन बघा. डोळे स्वच्छ, तोंडाभोवती बुडबुडे नाहीत, पाठीचा कणा वर आलेला नाही. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली खसखशीएवढे काळे ठिपके हलताना दिसले तर त्या माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किडी, तो साप घेऊ नका. घरी आणल्यावर पहिला आठवडा नुसतं पाणी बदलायचं. हात लावायचा नाही, मुलांनाही लावू द्यायचा नाही.

पायरी ८: खाणं

आठव्या दिवशी पहिलं खाणं. नव्या पिल्लाला दोन ग्रॅमचं, केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, ज्याला इथे पिंकी म्हणतात, दर पाच-सात दिवसांनी एक. साप वाढेल तसं फझी (नुकतेच केस फुटलेलं पिल्लू), हॉपर (उड्या मारू लागलेलं पिल्लू), मग पूर्ण उंदीर. माप असं: उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा किंचित जाड. मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो. तो रोज मागितल्यासारखा काचेशी येतो म्हणून वाढवू नका, लठ्ठ कॉर्न स्नेक फार दिसतात.

उंदीर झिपच्या पिशवीत रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, मग पिशवीसकट गरम पाण्याच्या मगात बुडवून १०० अंश फॅरनहाइटपर्यंत आणा. पोट दाबून बघा, आत बर्फाचा खडा लागला तर पुन्हा पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, त्यात उंदीर फुटतो. चिमट्याने शेपटीकडून धरून सापाच्या तोंडापुढे हळू हलवा. जिवंत उंदीर कधीच घालू नका, तो सापाला चावतो.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. सापाने उंदीर उलटून टाकला तर कारण चारांपैकी एक असतं: उंदीर मोठा, पेटी गार, आत बर्फ, किंवा लवकर हाताळणं. दहा-बारा दिवस काही देऊ नका, मग निम्म्या आकाराचं द्या. लगेच पुन्हा भरवलं तर पिल्लू हातचं जातं.

वर्षाचा खर्च

मोठ्या सापाला वर्षाला तीस उंदीर, घाऊक घेतले तर अडीच डॉलरला एक, म्हणजे ७५, त्यावर बर्फात पॅक करून पाठवायचे ३५. भुसा तीनदा बदलायचा, १०५. विजेला ७५ वॉट बारा तास, वर्षाला ३३० युनिटच्या आसपास. युनिटला १७ सेंट धरले तर ५६. बल्ब २५. वार्षिक तपासणी १३०. जंतुनाशक आणि किरकोळ ३०. बेरीज ४५६ डॉलर, महिन्याला ३८. वीस वर्षांचे नऊ हजारांच्या वर, सुरुवातीचे ९८० मिळवले की दहा हजार. त्यात सापाची किंमत शंभरात एक डॉलरही नाही.

अचानक येणारा खर्च वेगळा. गार आणि ओल्या पेटीत छातीचा संसर्ग होतो, साप तोंड उघडून शिट्टीसारखा श्वास घेतो. तपासणी, प्रतिजैविकं मिळून दोन-चारशे डॉलर सहज. मादी नराशिवायही कधीकधी अंडी धरते आणि ती अडकली तर शस्त्रक्रिया लागते. पाचशे डॉलर बाजूला ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर साप आणायच्या आधी शोधून ठेवा.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, काही दिवसांनी निवळतात, मग तीन-चार दिवसांत कात एकसंध निघते. निघालेली कात उजेडात धरून डोळ्यांच्या दोन टिकल्या आणि शेपटीचं टोक आलं आहे का बघा. टोकाला राहिलेलं कडं रक्तपुरवठा तोडतं आणि टोक काळं पडून गळतं. कात कुठे राहिली असेल तर सापाला ओल्या मॉसच्या डब्यात एक दिवस ठेवा, डोळ्यांवरची टिकली ओढू नका.

भारतात जाताना

डिसेंबरमध्ये महिनाभर गावी जाताना मोठा साप तीन-चार आठवडे उपाशी राहू शकतो, पिल्लू नाही. निघायच्या किमान आठवडाभर आधी शेवटचं खाणं द्या, म्हणजे तुमच्यासमोर पचेल. शेजारच्या कुणाला तरी दर दोन दिवसांनी पाणी बदलायला आणि दोन थर्मामीटरचा फोटो पाठवायला सांगा. पेटी उघडायची कशी, कुलूप लावायचं कसं, हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या.

कायमचं परतायचं ठरलं तर साप सोबत नेता येईल असं धरून चालू नका, आणि बाहेर सोडण्याचा विचारही नको. किमान सहा महिने आधी नवीन घर शोधायला लागा. देताना साप, पेटी, थर्मोस्टॅट आणि नोंदींची वही एकत्र द्या: शेवटची तीन वजनं, शेवटच्या खाण्याची तारीख, उंदराचा आकार आणि मागची कात कधी पडली ती तारीख.